पत्र्याचं काम

हितेंद्र बाविस्कर माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येणार आहे, आणि यायलाच हवा.

जळगावला अजिंठा रोडला एका बियाणं कंपनीची चार मजली कचेरी आहे. पश्चिमेला सगळी काचच काच. जळगावात पश्चिमेला काच लावायची बुद्धी ज्याला झाली, त्याला मे महिन्यात दुपारी चार वाजता त्याच काचेला पाठ टेकवून बसवायला हवं होतं. पण ते राहिलं, आणि शिक्षा भोगली भलत्यांनीच. दुसऱ्या मजल्यावर विक्री विभागातला प्रेमराज त्या काचेजवळ बसायचा आणि सेंट्रल एसी चालू असूनही घामाने निथळायचा. तिथून पंधरा पावलांवर, छतातल्या हवेच्या जाळीखाली, कोकिळा महाजन बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना अंगात स्वेटर घालून बियाण्यांच्या ऑर्डरी टाइप करायची. त्याने एसी सोळावर न्यायचा, तिने सव्वीसवर आणायचा. एका उन्हाळ्यात तर दोघांनी महिनाभर एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. शेवटी कोकिळाने त्या जाळीला जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा चिकटपट्टीने डकवला आणि आपला प्रश्न आपल्यापुरता सोडवला.

अशा ठिकाणी तीन वर्षांपूर्वी हितेंद्र देखभाल इंजिनिअर म्हणून आला. मालक सोहनलालजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हितेंद्रजी, माणसं खूश पाहिजेत आणि मीटर हळू फिरलं पाहिजे. दोन्ही. एक करून दुसरं सोडलं, असं नाही चालणार."

आणि खरं सांगायचं तर त्याने केलं. तापमान मोजणारी डबी कोणा महाभागाने झेरॉक्स मशीनच्या मागे बसवली होती. मशीनची गरम हवा दिवसभर तिच्या तोंडावर. बिचारीला वाटायचं मजल्याला आग लागली आहे, मग ती एसीला आणखी पिटाळायची. हितेंद्रने ती डबी मधल्या खांबावर आणली. जाळ्यांची पाती वळवली, डक्टमधल्या फटी बुजवल्या, काचेला ऊन अडवणारा कागद लावला, छताचे पंखे पुन्हा हळू फिरते केले आणि एसी पंचवीसवर बांधून टाकला.

"पंचवीस?" प्रेमराज ओरडला. "अहो साहेब, पंचवीसला आमच्याकडे पोरं गोधडी मागतात का?"

"आठ दिवस थांबा," हितेंद्र म्हणाला.

आठ दिवसांनी कोकिळाचा स्वेटर टेबलाच्या खणात गेला. प्रेमराजचा रुमाल कोरडा राहू लागला. विजेचे युनिट पाव हिश्शाने उतरले. शेठजींनी भर मीटिंगमध्ये "आपले हितेंद्रजी म्हणजे हवेचे डॉक्टर" असं म्हटलं, आणि तिथेच घोटाळा झाला. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की त्याला खालची माणसं बारीक दिसायला लागतात. लोक त्याला "डॉक्टर" म्हणू लागले आणि तो चक्क ओ देऊ लागला.

यंदाच्या एप्रिलमध्ये त्याला आकडा आणखी खाली आणायचा होता. कोणी मागितला नव्हता बरं का. शेठजी काही बोलले नव्हते. त्यालाच हाव सुटली होती.

गच्चीवर एसीचं मोठं धूड आहे. त्याच्या कुशीला पत्र्याची एक झडप. त्या झडपेतून बाहेरची थोडी ताजी हवा आत येते, आतल्या थंड हवेत मिसळते, आणि तेवढीच शिळी हवा दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेर ढकलली जाते. माणसं श्वास घेतात म्हणून ती झडप असते. दुसरं काही कारण नाही. पण एप्रिल-मे महिन्यांत बाहेरची हवा म्हणजे भट्टीची फुंकर. ती थंड करायला मशीनला नाकी नऊ येतात. हितेंद्रने एका सकाळी ती झडप पूर्ण मिटली आणि वर तारेचे दोन वेढे मारले. फक्त उन्हाळ्यापुरतं, असं त्याने स्वतःला सांगितलं.

त्याला माहीत नव्हतं असं नाही. हे नीट लक्षात ठेवा. हवेत माणसांचा उच्छ्‌वास किती साठला हे दाखवणारं एक छोटं यंत्र त्याच्याच टेबलाच्या खणात होतं. त्याने स्वतः हट्टाने मागवलेलं. एप्रिलपासून त्याने तो खण उघडला नाही.

आता प्रमिलाबाई. दुसऱ्या मजल्यावर चहापाणी आणि साफसफाई बघायच्या. मूळच्या भडगावकडच्या, पन्नाशी उलटलेल्या, बोलायला कमी, बोलल्या की अहिराणी मिसळून. अकरा वर्षं त्याच मजल्यावर. रोज सकाळी जिन्याच्या दाराजवळच्या लक्ष्मीच्या तसबिरीपुढे एक अगरबत्ती लावायची, मग पोछा, मग चहा. एप्रिल सरता सरता त्या एकदा हितेंद्रच्या टेबलाजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, हवेचं काहीतरी बिघडेल शे."

"काय बिघडलंय?"

"अगरबत्तीनाच वास पहा ना. आधी चहा उकळेपर्यंत निघून जायचा. आता दुपारच्या जेवणापर्यंत आठेच, या मजल्यावरच, घुटमळतो. धूर वर लोंबकळत राहतो."

हितेंद्रला लगेच उमगलं. सहा हजारांचं यंत्र जे सांगणार होतं, ते या बाईने एका अगरबत्तीवर सांगितलं होतं. पण डॉक्टरसाहेब ना ते! "मग अगरबत्ती लावू नका," तो म्हणाला. "सेंट्रल एसीत धूर करायचा नसतोच मुळी."

प्रमिलाबाईंनी अगरबत्ती बंद केली.

मे उजाडला. दुपारी तीन वाजले की सगळा मजला पेंगायला लागायचा. कोकिळाचं डोकं ठणकायचं. प्रेमराजने नंदुरबारची ऑर्डर नवापूरला धाडली आणि वर ग्राहकाशीच भांडला. जो तो म्हणायचा, उन्हाळाच असा आहे बाबा. हितेंद्रही तेच म्हणायचा, सगळ्यांच्या आधी.

आणि मग त्याच्या कागदावर एक गंमत दिसू लागली. युनिट छान उतरत होते, पण रोज दुपारी तीन ते चारच्या दरम्यान आकडा टुणकन वर उडायचा. चोर कुठला, म्हणून तो एका दुपारी दबा धरून बसला. तर काय? चहाच्या ओट्यामागची छोटी खिडकी सताड उघडी. बाहेरून भाजणारी लू आत येत होती आणि प्रमिलाबाई हातातल्या ट्रेने ती हवा टेबलांकडे घालत होत्या.

"कोणी उघडली ही?"

"मीच, साहेब. रोज थोडा वेळ उघडते. बठ्ठा लोके पेंगतस. डोकी दुखतात त्यांची. आत कोंडेल शे."

झालं. त्याचा पारा चढला. महिनाभर जपलेला आकडा एका ट्रेने उधळला होता, आणि शिवाय ती बाई खरं बोलत होती. त्या दुसऱ्या गोष्टीचा राग जास्त होता. तो ओट्याबाहेर आला, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बाई, हा एसी आहे, एसी! तुमच्या घरचा कूलर नाही खिडकी उघडून लावायला!"

सगळा मजला हसला. खानदेशात हे कोणालाही कळतं. इथे घरोघरी कूलर, आणि कूलर लावला की समोरची खिडकी उघडायची, नाहीतर खोलीत नुसती चिकचिक होते, हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. म्हणजे ही बाई एसीला कूलर समजली! प्रेमराज तर टेबलावर थापा मारून हसला. कोकिळा, जिच्या डोकेदुखीसाठी ती खिडकी उघडली होती, तीसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. प्रमिलाबाईंनी ट्रे खाली ठेवला, खिडकी लावली आणि कपबशा विसळायला घेतल्या. पाठमोऱ्याच.

हितेंद्रने त्या संध्याकाळी खिडकीला खिळा ठोकला, कडांना सिलिकॉन भरलं, आणि अहवालात दोन ओळी लिहिल्या: दुसऱ्या मजल्यावरील कर्मचारी समज देऊनही खिडकी उघडतात, योग्य ती कार्यवाही व्हावी. समज कधी दिली होती? कधीच नाही. पण अहवालात ते शोभून दिसतं. आठवड्याने प्रमिलाबाईंची बदली एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या गोदामात झाली. वर पत्रा, खाली गोण्या, मे महिना. हितेंद्रला कळलं तेव्हा त्याला वाईट वाटलं. मी काही बदली करा म्हटलं नव्हतं, असं त्याने हेमांगीला, म्हणजे बायकोला, जेवताना सांगितलंही. तिने विचारलं, "मग काय करा म्हटलं होतं?" त्याने भाजी मागितली.

आता त्याच्या वडिलांकडे येऊ. झिपरूनाना. धुळ्याला पारोळा रोडला त्यांचं पत्र्याचं छोटं दुकान. चाळीस वर्षं ते कूलर बनवत आले. पत्रा कापायचा, ठोकायचा, तीन बाजूंना गवताच्या ताट्या, आत मोटर. दोन्ही तळहातांवर पत्र्याने कापल्याचे पांढरे वण. हितेंद्र त्या कूलरांवरच शिकला, इंजिनिअर झाला, आणि कचेरीत कोणी विचारलं की "वडिलांचा धुळ्याला मशिनरीचा व्यवसाय आहे" असं सांगू लागला. मोटर ही मशिनरीच की. खोटं कुठे होतं?

नाना मोतीबिंदू दाखवायला जळगावला आले होते. त्या दिवशी दुपारी हितेंद्रच्या घराकडची लाइट गेली. हेमांगीने सासऱ्यांना रिक्षात घालून कचेरीत आणून सोडलं. "तिथे थंडीत बसा नाना, लाइट आली की घ्यायला येते."

पांढरा पायजमा, पांढरी टोपी, खांद्यावर गमछा. नाना दुसऱ्या मजल्यावर पाहुण्यांच्या सोफ्यावर अंग चोरून बसले. प्रेमराज मोठा माणुसकीचा गडी, लगेच पाणी घेऊन आला.

"आमच्या डॉक्टरसाहेबांचे वडील ना तुम्ही? नाना, तुमचा पोरगा म्हणजे हिरा आहे हिरा. एक गंमत सांगू का?"

हितेंद्र जागेवरून अर्धा उठला. "प्रेमराज, ते राहू दे."

"अहो राहू दे काय? ऐकू द्या की त्यांना!" आणि त्याने सांगितलं. सगळं. बाईने खिडकी कशी उघडली, ट्रेने वारा कसा घातला, साहेब कसे आले. शेवटी हितेंद्रचा आवाज काढून म्हणाला, "बाई, हा एसी आहे, तुमच्या घरचा कूलर नाही!" आजूबाजूची चार टेबलं पुन्हा हसली.

नानाही हसले. थोडंसं, तोंडापुरतं, पाहुण्याने हसावं तसं.

"तुमचं काय होतं नाना? मशिनरीचा बिझनेस ना?" प्रेमराजने विचारलं.

नानांनी हितेंद्रकडे पाहिलं नाही. गुडघ्यांवरचे दोन्ही हात त्यांनी उलटे केले, तळवे खाली. "नई भाऊ, मशिनरी कसानी. थोडं पत्र्याचं काम करतो," ते म्हणाले.

धरणीने पोटात घ्यावं म्हणजे काय, ते हितेंद्रला तेव्हा समजलं. बापाने पोराची लाज राखली होती, आणि राखताना स्वतःचे हात झाकले होते. बोलावं, आत्ताच्या आत्ता बोलावं, कूलर बनवतात माझे वडील, असं म्हणावं. चार शब्दांचं काम. तो मॉनिटरकडे बघत राहिला.

पंधरा-वीस मिनिटांनी नानांनी टोपी काढून कपाळ चोळलं. मग उठले, गमछ्याच्या काठाचा एक दोरा उपसला आणि जिन्याच्या दाराशी जाऊन उभे राहिले. हितेंद्रला ते काय करतायत ते लांबूनच कळलं. लहानपणी त्याने ते शेकडो वेळा पाहिलं होतं. कोणाच्या घरी कूलर बसवला की नाना समोरच्या खिडकीत असाच दोरा धरायचे. दोरा बाहेर झुकला म्हणजे खोली श्वास टाकते आहे. झुकला नाही, तर घरमालकाने चहा पुढे केला तरी नाना तो घ्यायचे नाहीत; आधी खिडकी, मग चहा.

दाराच्या फटीपाशी धरलेला दोरा सरळ लोंबत होता. जरासुद्धा हलला नाही. नाना ओट्यामागच्या खिडकीकडे गेले, सिलिकॉनवर नख फिरवलं, खिळा चाचपला. हितेंद्र मागे येऊन उभा राहिला होता.

"हितू," नाना हळू आवाजात म्हणाले, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून, "आठली हवा मरेल शे. बाहेर कोठून जास ती?"

"जात नाही, नाना."

"ही खिडकी कोनी ठोकी?"

"मीच."

नानांनी दोरा बोटाला गुंडाळला. "मंग ती बाई येडी नव्हती," एवढंच म्हणाले आणि सोफ्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने हेमांगी आली आणि त्यांना घेऊन गेली.

मग हितेंद्रने तो खण उघडला. यंत्र टेबलावर ठेवलं. आकडा हजाराच्या आत असावा लागतो. तो चढत चढत दोन हजार सहाशेवर जाऊन थांबला. सव्वीसशे! पंचेचाळीस माणसं महिनाभर एकमेकांचा उष्टा श्वास घेत बसली होती, आणि तो त्यांना उन्हाळा आहे म्हणून सांगत होता. एक बाई त्यांना वाचवायला रोज तासभर ट्रे हलवत होती, तिला त्याने पत्र्याखाली धाडलं होतं. तो तडक गच्चीवर गेला. तार इतकी तापली होती की सोडवताना बोटं भाजली. भाजली तर भाजली. त्याने झडप उघडली आणि मशीनच्या सावलीत डोकं धरून उकिडवा बसला.

दुसऱ्या दिवशी तो शेठजींच्या केबिनमध्ये गेला. रात्रभर जुळवलेलं सगळं बोलला. झडप मी बंद केली. खिडकीचं मी चुकीचं लिहिलं, समज कधी दिली नव्हती. युनिट उतरले ते माझ्या हुशारीने नाही, लोकांच्या डोकेदुखीवर.

सोहनलालजींनी चष्मा काढून पुसला. "हितेंद्रजी, दोन्ही पाहिजे म्हटलं होतं मी. विसरलात?"

"विसरलो नाही शेठजी. सोडलं."

"आता काय करणार?"

"झडप गरजेपुरती उघडी ठेवतो. सकाळी सहा ते आठ, बाहेर गार असतं तेव्हा, पूर्ण उघडून सगळा मजला धुऊन काढल्यासारखी हवा बदलतो. युनिट थोडे वाढतील."

"वाढू द्या. त्या बाईंना परत बोलवा. आणि हे सगळं इथेच संपवा, बाहेर चर्चा नको. तुमचंही नाव राहील." शेठजी भले माणूस. त्याला वाचवण्याचा रस्ता त्यांनी आपणहून दाखवला.

हितेंद्रला हलकं वाटलं. इतकं हलकं की त्याची त्यालाच थोडी शंका आली. पण लाज धुतल्यासारखी वाटली तर माणूस कशाला खोदत बसतो? तो मोटारसायकल काढून एमआयडीसीत गेला.

गोदामाचं शटर वर होतं. पत्रा तडतडत होता. प्रमिलाबाई दाराशी बसून फाटक्या गोण्या शिवत होत्या, पदर डोक्यावर, शेजारी पाण्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळलेली. त्याला बघून उठल्या.

"बसा बसा, बाई. मी सांगायला आलो. तुमचं बरोबर होतं. झडप मी बंद केली होती वर. म्हणून अगरबत्तीचा धूर जात नव्हता."

"हां," त्या म्हणाल्या. अजिबात आश्चर्य नाही. "आता उघडी का?"

"उघडली."

"कोकिळाताईनं डोकं?"

"थांबलं दुखायचं."

"मंग झालं." त्या पुन्हा सुईत दोरा ओवू लागल्या.

"तुम्ही उद्यापासून परत या. शेठजींना मी सगळं सांगितलं. चूक माझी होती, तुमची नाही, असं स्पष्ट सांगितलं."

प्रमिलाबाईंनी दोरा ओवला, गाठ मारली, दाताने तोडला. मग म्हणाल्या, "साहेब, शेठ त्या दिवशी तठे नव्हते."

"म्हणजे?"

"हसले ते शेठ नव्हते. हसणारे दुसरे होते."

हितेंद्र हातातली मोटारसायकलची किल्ली बघत राहिला.

"मी आठेच बरी आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "गरम आहे, पण दार उघडं राहतं. परत आले तर मी कपबशी घेऊन फिरेन, अन् प्रत्येक टेबलाजवळ लोकांना कूलर आठवेल. अकरा वर्षं मला कोणी हसलं नव्हतं साहेब." शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज फाटला आणि त्यांनी गोणी तोंडापुढे ओढून घेतली.

तो परत कसा आला, कोणत्या रस्त्याने, ते त्याला आठवत नाही. शेठजींच्या केबिनमध्ये बोलणं सोपं होतं. दार बंद होतं, थंडगार होतं, आणि ऐकणारा माफ करायला बसलेलाच होता. धुतली कसली? लाज होती तिथेच होती, दुसऱ्या मजल्यावर.

दोन दिवस तो टंगळमंगळ करत राहिला. एकदा उठला आणि पाणी पिऊन बसला. एकदा सगळ्यांना ईमेल लिहिला, "हवेच्या नियोजनातील काही त्रुटींबाबत" असा, आणि स्वतःच वाचून स्वतःचीच किळस येऊन पुसून टाकला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने गोदामात जाऊन प्रमिलाबाईंना हात जोडले, फक्त अर्धा तास चला म्हणाला, आणि रिक्षाने घेऊन आला. तीन वाजता. ओट्याजवळ. तीच वेळ, तीच जागा.

"जरा ऐका," तो म्हणाला. आवाज चिरका निघाला. कीबोर्ड थांबले.

"महिनाभर तुमची डोकी दुखत होती ती उन्हामुळे नाही. बाहेरची हवा आत घेणारी झडप मी बंद केली होती. मुद्दाम. आकडा कमी दिसावा म्हणून. मला कळत होतं. प्रमिलाबाईंनी मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मग त्यांनी तुमच्यासाठी खिडकी उघडली, आणि मी..." कोकिळा खाली मान घालून बसली होती. प्रेमराजचा चेहरा कोणीतरी तोंडात मारल्यासारखा झाला होता. "आणि मी त्यांना कूलरवरून बोललो. तुम्ही हसलात, पण हसवलं मी. कूलरवाल्याला कळतं की खोलीतली हवा बाहेर गेली पाहिजे. मला चांगलं माहीत आहे, कारण माझे वडील कूलर बनवतात. धुळ्याला. चाळीस वर्षं. मशिनरीचा व्यवसाय वगैरे काही नाही. चार दिवसांपूर्वी इथे बसले होते ते. त्यांच्यासमोर ती गंमत झाली आणि मी गप्प बसलो."

टाळ्या नाहीत, धीराचे शब्द नाहीत, काही नाही. ते बरंच झालं. मग कोकिळा उठली, प्रमिलाबाईंजवळ गेली, "मावशी, मीपण हसले होते," म्हणाली आणि रडायला लागली.

प्रमिलाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग ओट्याकडे नजर टाकली. ओटा पार बरबटलेला होता. "काय उकिरडा करेल शे हा," असं पुटपुटत त्यांनी पदर खोचला आणि फडकं ओलं केलं. हितेंद्र अजून तिथेच खांबासारखा उभा होता. त्यांनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं, आणि पुसता पुसता, वर न बघता म्हणाल्या, "साहेब, तुमचे वडील कूलर करतात ना? मना घरना कूलर खिडकी उघडी ठेवूनही चिकचिक करतो. त्यांना एकदा दाखवता का?"

"दाखवतो," तो म्हणाला. "नक्की दाखवतो."

त्याने जिन्यात जाऊन फोन लावला. नाना परवाच धुळ्याला परतले होते. मागे पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता.

"नाना, पुढच्या आठवड्यात डोळे दाखवायला याल ना, तेव्हा एक कूलर बघायचाय. आमच्या ऑफिसातल्या प्रमिलाबाई आहेत. त्यांच्याकडे."

ठोकणं थांबलं. "त्याच का? खिडकीवाल्या?"

"त्याच. आधी ऑफिसात या, मग आपण दोघं त्यांच्याबरोबर जाऊ."

नानांनी विचारलं, अगदी साधेपणाने, पोराची सोय बघावी म्हणून, "येसू ना भाऊ. पण तठे कोनी इचारं ते काय सांगू? पत्र्यानंच काम सांगू ना?"

हितेंद्र जिन्याच्या पायरीवर खाली बसला. "नाही नाना," तो म्हणाला. "कूलर बनवतो, असं सांगा."